समाधान (नाशिक परिसरातील धार्मिक संकल्पना)

समाधान : मिळकत, मानमरातब किंवा यश यांवर न विसंबता ईश्वरावरील अथवा धर्ममार्गावरील निष्ठेतून येणारी चित्ताची तृप्त अवस्था. पातंजल योगसूत्रांत संतोष हा पाच नियमांपैकी एक मानला असून त्यापासून सर्वश्रेष्ठ सुख लाभते, असे सांगितले आहे (२.४२). भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायातही सतत संतुष्ट असणे हे भक्ताचे लक्षण म्हणून येते. मराठी मुलखात मात्र ही कल्पना सूत्रग्रंथांपेक्षा अभंग, कीर्तन आणि वारी यांमधून घरोघर पोहोचली. नाशिक परिसरात बौद्ध, वारकरी आणि समर्थ अशा तिन्ही परंपरांची ठळक स्थाने असल्यामुळे या कल्पनेची निरनिराळी रूपे येथे जवळजवळ पाहता येतात. याच शहरात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात, हा योगायोग नुसता नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

वारकरी परंपरेचे येथील केंद्र म्हणजे त्र्यंबकेश्वर येथील निवृत्तिनाथांची समाधी. ज्ञानेश्वरांचे हे थोरले बंधू आणि गुरू. ब्रह्मगिरीच्या परिक्रमेत वाट चुकून ते एका गुहेत शिरले व तेथे गहिनीनाथांनी त्यांना उपदेश केला, अशी कथा आहे. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या या भावंडांच्या वाट्याला धन किंवा प्रतिष्ठा यांपैकी काहीच आले नव्हते; त्यांच्या शब्दांतील तृप्ती म्हणूनच वारकऱ्यांना पोकळ वाटत नाही. निवृत्तिनाथांनी शके १२१९ (इ. स. १२९७) मध्ये समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला येथे मोठी यात्रा भरते व नाशिकसह नगर, खानदेशाकडून दिंड्या पायी येतात. या सुमारास जिल्ह्यात उन्हाळ कांद्याची लागवड चालू असते आणि द्राक्षबागांत घड भरत असतात. म्हणजे ही वारी रिकाम्या हंगामातील सहल नसून ऐन कामाच्या दिवसांतून काढलेला वेळ असतो, आणि तो काढता येणे हीच शेतकरी वारकऱ्याच्या दृष्टीने समाधानाची पहिली खूण होय. दिंडीत पुढे पताका, मध्ये वीणेकरी व टाळकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया असा क्रम असतो. वाटेतल्या गावात पंगत पडते आणि वयाचा वा ऐपतीचा विचार न करता वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. ‘माळ घालणे’ म्हणजे तुळशीची माळ धारण करून मांसाहार व मद्य सोडणे, एकादशी पाळणे, हरिपाठ म्हणणे आणि वारी न चुकवणे. यांत उत्पन्नाविषयी एकही अट नाही.

‘ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असू द्यावे समाधान’ हे तुकारामांचे वचन या संदर्भात सर्वाधिक उद्धृत केले जाते व बहुतेक वेळा एकटेच उद्धृत केले जाते. त्याच तुकारामांनी ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारे । उदास विचारे वेच करी’ असेही सांगितले आहे. सचोटीने कमवावे आणि गुंतून न पडता खर्च करावे, असा त्याचा आशय असल्यामुळे वारकरी समाधान म्हणजे दारिद्र्याचा गौरव, हा समज टिकत नाही. समर्थ रामदासांच्या बाबतीतही असेच दिसते. लग्नाच्या बोहल्यावरून निघालेल्या बालवयीन नारायणाने नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तप केले, दुपारपर्यंत नदीच्या पाण्यात उभे राहून जप केला आणि पंचवटीत माधुकरी मागून निर्वाह केला, अशी संप्रदायाची परंपरा सांगते. परंतु दासबोधात ते ‘आधी प्रपंच करावा नेटका’ असे बजावतात.

बौद्ध परंपरेत संतुष्टीला परम धन म्हटले आहे (धम्मपद, २०४). भिक्षूंची ही अल्पसंतुष्टता कशावर उभी होती, याचा दुर्मीळ हिशेब त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत (पांडवलेणी) कोरलेला आहे. क्षहरात घराण्यातील क्षत्रप (शासक) नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यातील लेखानुसार ३,००० कार्षापणांची (कार्षापण हे त्या काळचे नाणे) कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत द्यायची नव्हती. केवळ व्याज वापरायचे होते. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते व त्यातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) मिळत. संग्रह न करणाऱ्यांचे जीवन संग्रह करणाऱ्यांच्या चोख व्यवहारावर चालत होते, ही गोष्ट समाधानाविषयीच्या प्रवचनांत सहसा येत नाही.

या संकल्पनेवरील सर्वांत गंभीर आक्षेपही नाशिकमध्येच उभा राहिला. आहे त्यात समाधान मानण्याचा उपदेश कोण कोणाला करतो, हा प्रश्न २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाने टाळता येणार नाही असा केला. ज्यांची श्रद्धा होती त्यांनाच देवळाचे दार बंद होते. दादासाहेब गायकवाड यांनी नेटाने चालवलेला हा लढा काही वर्षे चालूनही दार उघडले नाही आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे आंबेडकरांनी ‘मी हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली. पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध व धम्मविषयक ग्रंथात त्यांनी संतुष्टीचा अर्थ नेमका केला : बुद्धाने दारिद्र्य धन्य ठरवले नाही, पीडिताने आपली स्थिती बदलू नये असेही म्हटले नाही, अमर्याद लोभाने माणसाला गिळू नये, एवढेच त्याचे म्हणणे होते. संकल्पनेची इतकी स्वच्छ मर्यादा भक्तिपर वाङ्मयात क्वचितच आखलेली आढळते.

इस्लाममधील ‘कनाअत’ हीदेखील याच जातीची कल्पना असून सूफी परंपरेत तिला विशेष स्थान आहे.

आजच्या नाशिकमध्ये सातपूर व अंबड येथील कारखानदारी, द्राक्षनिर्यात आणि वाढती घरबांधणी यांच्या जोडीने हरिनाम सप्ताहही होत आहेत. त्यामुळे वाद आहे तो पैसा असावा की नसावा याविषयी नसून तो श्रद्धेच्याच मांडवात किती शिरावा याविषयी आहे. नावाजलेल्या कीर्तनकारांचे मानधन, मंडपाचा व ध्वनिक्षेपकांचा खर्च आणि देणगीदारांचे फलक यांवर वारकरीच टीका करतात, आणि तेव्हा पुढे केला जातो तो अभंगही तुकारामांचाच असतो : ‘जेथे कीर्तन करावे । तेथे अन्न न सेवावे’. त्यावर आयोजकांचे उत्तर असे की, बाहेरगावाहून येणाऱ्या गायक-वादकांचा प्रवास व संसार असतो आणि उत्तम व्यवहारे जोडलेल्या धनाला तुकोबांनी नाही म्हटलेले नाही.