बोटीवर नाव कोणाचं?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पहाटे बर्फ भरणं चालू असतं आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज बघत उभा असतो. बोटीवर जे काम तांडेलाचं, तेच त्याच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं. प्रोसेसर कोणत्या अ‍ॅपला किती वेळ मिळणार, मेमरीत जागा कुणाला, जीपीएस कुणाच्या ताब्यात, हे तो ठरवतो. या कर्नलचं नाव लिनक्स. ते लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सवरून पडलेलं. पण श्रेय खरं कोणाचं?

गंमत म्हणजे टोरवाल्ड्सला ते ‘फ्रीक्स’ म्हणायचं होतं. ज्या सर्व्हरवर ते ठेवलं, तो सांभाळणाऱ्या आरी लेम्केला ते रुचलं नाही, त्याने परस्पर ‘लिनक्स’ करून टाकलं. साल १९९१, टोरवाल्ड्स हेलसिंकीतला २१ वर्षांचा विद्यार्थी, सुमारे १०,००० ओळींचा प्रोग्राम.

फळ्या त्याच्या, पण बोटीचा घाट जुनाच, युनिक्स या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसनने पीडीपी-७ या फारशा कुणाला नको असलेल्या संगणकावर युनिक्स उभी केली. पुढे तिथल्याच डेनिस रिचीने सी ही प्रोग्रामिंगची भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. तोवर अशा प्रणाली बहुधा एकेका यंत्राच्याच भाषेत लिहीत. यंत्र बदललं की पुन्हा श्रीगणेशा. सी आल्यावर थोडी डागडुजी केली की तीच प्रणाली दुसऱ्या यंत्रावर चालू लागली. लिनक्सही मुख्यतः सीमध्येच आहे.

मग रिचर्ड स्टॉलमन. १९८३ मध्ये या अमेरिकन प्रोग्रामरने युनिक्ससारखी पण सर्वांना मुक्तपणे वापरता येणारी प्रणाली बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. लिनक्स ज्यावर तयार झालं तो कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं अवजार, ग्नूचाच, म्हणून ‘ग्नू/लिनक्स’ म्हणा, हा त्याचा हट्ट. फोनपुरता तो मला पटत नाही. अँड्रॉइडमध्ये ग्नूची अवजारं जवळजवळ नाहीतच. तरीही श्रेयाचं माझं मत जातं स्टॉलमनच्याच पारड्यात, आणि तेही प्रोग्रामसाठी नाही, एका अटीसाठी. त्याच्या जीपीएल परवान्यानुसार तुम्ही कर्नल बदलून दुसऱ्याला दिलात, तर बदललेला सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूरही त्याच अटीवर द्यायचा. टोरवाल्ड्सने १९९२ मध्ये हा परवाना स्वीकारला. एकमेकींच्या उरावर बसलेल्या कंपन्या एकाच कर्नलवर काम करतात, त्यामागे ही अट मोठी आहे.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडा, कायदेशीर माहितीत जा. तो परवाना तिथे बारीक अक्षरांत सापडेल. तांडेलाला एवढी सवड कुठली, बर्फ भरून झाला, इंजिन सुरू झालंय.