शंभर टक्के एसआरजीबी आहे, पण रंग खरे आहेत का?

फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप शोधणारा माणूस हल्ली तयारीनिशी येतो. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं तोंडपाठ. पडद्याचं विचारलं की ठसक्यात सांगतो, ‘शंभर टक्के एसआरजीबी आहे, म्हणजे रंग एकदम अचूक.’ त्या ‘म्हणजे’पाशी माझं डोकं फिरतं.

एसआरजीबीचे टक्के बहुतेकांना कळतात, तेव्हा तो भाग उरकून टाकतो. पडदा किती भडक रंगापर्यंत पोहोचू शकतो, तो त्याचा पल्ला. यालाच कलर गॅमट म्हणतात. एसआरजीबी हा १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेला पल्ला, वेबवरचे बहुतेक फोटो अजूनही त्याच्यातच मावतात. पी३ त्याहून साधारण पाव हिश्शाने मोठा. अडोबी आरजीबी हिरव्या-निळसर अंगाला जास्त पसरलेला, छपाईसाठी काम करणाऱ्यांच्या उपयोगाचा. आणि कुठे ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं दिसलं, तर पुढचं वाचूच नका. एनटीएससी हे १९५३ सालचं टीव्हीचं माप. त्याचे ७२ टक्के झाले की कुठे जेमतेम एसआरजीबीएवढा पल्ला होतो. ४५ टक्क्यांच्या पडद्यावर लाल गुलाबाच्या पाकळ्यांमधला फरक मिटतो आणि फुलाचा सपाट लाल ठिपका होतो.

आता अचूकपणा. फाइलमध्ये जो रंग लिहिलाय तोच पडद्यावर उमटतो का, एवढाच इथे प्रश्न. गाण्यातलं बोलायचं तर गॅमट म्हणजे गळा किती सप्तकं फिरतो ते, आणि अचूकपणा म्हणजे सूर लागतो की नाही ते. तीन सप्तकं फिरणारा बेसूर गळा आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. या बेसूरपणाचं माप म्हणजे डेल्टा ई: अपेक्षित रंग आणि प्रत्यक्ष दिसलेला रंग यांच्यातलं अंतर. १च्या आसपास असेल तर डोळ्याला फरक जेमतेम जाणवतो, सरासरी २च्या खाली असेल तर निर्धास्त काम करावं. जाहिरातीत हा आकडा बहुधा सरासरीच असतो, त्यामुळे एखादा निळा चांगलाच घसरलेला असूनही आकडा गोंडस दिसतो. परीक्षणात सर्वाधिक डेल्टा ई दिलेला असेल तर तो आधी बघा.

खरी फसगत याच्या पुढे आहे. पल्ला मोठा, तेवढा पडदा चांगला असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात मोठा पल्ला नीट सांभाळला नाही तर रंग उलट जास्त चुकतात. एसआरजीबीमधला सर्वांत भडक लाल घ्या, २५५-०-० (हे अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे). तोच लाल पी३ पडद्यावर जसाच्या तसा दिसायचा असेल तर पडद्याकडे साधारण २३४-५१-३५ असे आकडे जायला हवेत. रंगांचं भान असलेलं सॉफ्टवेअर पडद्याचं प्रोफाइल, म्हणजे तो कुठला रंग कसा दाखवतो याची नोंद, वाचून ही अदलाबदल गुपचूप करतं. ज्याला ते भान नाही, ते २५५-०-० तसंच पुढे ढकलतं आणि पडदा आपल्या पल्ल्यातला सर्वांत भडक लाल दाखवून मोकळा होतो.

माझ्या एका मित्राचं नेमकं हेच झालं. नवाकोरा पी३ पडदा, पण प्रोफाइल चुकीचं. पोर्ट्रेटमधले गाल त्याला तापलेले दिसायचे, म्हणून तो दर फोटोत लाल आणि नारिंगीचं सॅच्युरेशन खाली ओढायचा. फोटो दुसऱ्यांच्या फोनवर गेले की तीच माणसं आजारातून उठल्यासारखी दिसायची. दोष कॅमेऱ्याचा म्हणून त्याने लेन्स बदलली! पडद्याचा पल्ला उत्तम होता, म्हणून पडद्यावर त्याला शंका आलीच नाही.

उपायही दोन्हींचे वेगळे आहेत. पल्ला पॅनेलबरोबर जन्माला येतो. कॅलिब्रेशनने, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवल्याने, तो वाढत नाही, साठ टक्केवाला पडदा साठच राहतो. अचूकपणा मात्र नंतर सुधारता येतो. पडद्यावर कलरिमीटर हे रंग मोजणारं उपकरण लावायचं, पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन आणि गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते) २.२ ठरवायचा, मग ते उपकरण मोजून प्रोफाइल बनवतं. पडदा वापराने सरकत जातो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. ‘कारखान्यातून कॅलिब्रेट केलेला’ हे शब्द सुरुवातीपुरते ठीक, जन्मभराची हमी म्हणून ते वाचू नका.

म्हणून मला निवडायला सांगाल तर वेबसाठी काम करणाऱ्याने पूर्ण एसआरजीबीचा, सरळमार्गी, मॅट पडदा घ्यावा आणि ग्राफिक्स कार्डावर उधळायचे पैसे कलरिमीटरला द्यावेत. आरशासारखे चकचकीत पडदे मला सोसत नाहीत; फोटोतल्या सावल्या बघायला जावं तर आपलंच तोंड दिसतं. आयपीएस की ओएलईडी, म्हणजे पॅनेल कुठल्या जातीचं, हा वाद ज्यांना घालायचाय त्यांनी घालावा, नीट मोजलेले दोन्ही चालतात. ‘१.६७ कोटी रंग’ हा आकडा तर सोडूनच द्या: प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तीन रंग, की झाला गुणाकार. त्यात पल्ल्याचा पत्ता नाही आणि अचूकपणाचाही नाही. रॅम १६ जीबी चालते, थरांवर थर चढवत पॅनोरमा जोडत असाल तर ३२.

आणि कलरिमीटर लावण्याआधी नाइट लाइट (रात्री पडदा पिवळसर करणारी सोय) आणि आपोआप उजेड बदलणारी सोय बंद करा. ब्राइटनेस १००-१२० निट्सवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आणा. प्रिंट काळपट येते अशी तक्रार करणाऱ्यांचा पडदा बहुतेक वेळा पूर्ण उजेडावर लावलेला असतो.