भूक खरीच असते, निरोप खोटा असतो

“आजारी होता तेव्हा ताटाला हात लावत नव्हता. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन माणसांचं खातो आणि तासाभराने पुन्हा भूक लागली म्हणतो.” स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या घरच्यांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. तिच्यामागोमाग जो निष्कर्ष येतो तो मात्र मला फार खटकतो: हा हावरट झालाय, जिभेवर ताबा राहिला नाही. काही जण तर त्याच्या तोंडून दुसरंच कुणीतरी जेवतंय असं ठरवून मांत्रिकाची वाट धरतात. जेवणारा तोच असतो. बदललेलं असतं त्याच्या मेंदूतलं रसायन, आणि मांत्रिकाच्या दारात गेलेले महिने उपचारातून वजा होतात.

आधी न खाण्याबद्दल. ‘अन्नात विष कालवलंय’ हा भ्रम या आजारात बराच आढळतो. ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे’ असं मेंदूला सांगण्याचं काम एरवी डोपामिन हे मेंदूतलं रसायन करतं. भ्रमाच्या काळात ते नको तेव्हा, नको तिथे पाझरतं आणि क्षुल्लक गोष्टींना भलताच अर्थ चिकटतो, अशी मांडणी मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये केली. जेवणातली किंचित कडवट चव आपण दुसऱ्या घासाला विसरतो. रुग्णाला तो पुरावा वाटतो. शिवाय अनेक रुग्णांची वास ओळखण्याची क्षमताही मंदावलेली असते, त्यामुळे अन्न खरोखरच वेगळं लागत असू शकतं. मग माणूस फक्त बंद पाकिटातलं खातो, किंवा स्वतः शिजवलेलंच. आईने आधी घास खाऊन दाखवला तरी उपयोग होत नाही. पुराव्याने हटेल तो भ्रम कसला? काहींना ‘खाऊ नकोस’ असं बजावणारे आवाज ऐकू येतात. आणखी एक प्रकार इतका शांत असतो की तो आळस समजला जातो. घास तोंडात गेल्यावरचा आनंद बराचसा शाबूत असतो, पण जेवणाची आधीपासून वाटणारी ओढ आटलेली असते. ताट समोर आलं तर तो जेवतो, स्वतः उठून वाढून घेत नाही.

आता गोळ्यांनी लागणारी भूक. सगळी औषधं यात सारखी नाहीत. क्लोझापिन आणि ओलान्झापिन सर्वांत पुढे आहेत. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस शरीरातल्या ऊर्जेचा हिशेब ठेवतो. पेशी ऊर्जा खर्च करतात ती एटीपी या रेणूच्या रूपात. त्याचे फॉस्फेट सुटत गेले की एएमपी उरतं. एएमपी वाढलं की ‘एएमपीके’ नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं. हायपोथॅलॅमसमध्ये ते जागं झालं की अर्थ एकच: शिल्लक संपत आली, खा. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक याच विकराला शांत करतं: साठा भरपूर आहे, थांब.

इथे हिस्टामिन येतं. ॲलर्जीमुळे ते आपल्या ओळखीचं आहे, पण मेंदूत ते आपल्याला जागं ठेवतं आणि भूक आवरतं, तेही एच१ या रिसेप्टरमार्फत, म्हणजे पेशीवर रसायनाचा निरोप घेणाऱ्या रेणूमार्फत. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते ती हाच रिसेप्टर अडवला गेल्यामुळे. क्लोझापिन आणि ओलान्झापिन त्यालाच घट्ट चिकटतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये उंदरांवर दाखवलं की ही औषधं दिल्यावर हायपोथॅलॅमसमधलं एएमपीके जागं होतं आणि लेप्टिनने घातलेला लगाम सुटतो. ज्या उंदरांत एच१ रिसेप्टरच नव्हता, त्यांच्यात क्लोझापिन देऊनही ते जागं झालं नाही. मला हा प्रयोग अतिशय आवडतो. एकच दुवा वगळला आणि एवढी लांब साखळी कुठून सुरू होते ते दिसलं.

दुसरा दुवा सेरोटोनिन या मेंदूतल्या आणखी एका रसायनाचा. त्याचा २सी रिसेप्टर हायपोथॅलॅमसमधल्या ‘पीओएमसी’ नावाच्या चेतापेशींना चेतवतो, त्या मेलॅनोकॉर्टिन हा भूक शमवणारा निरोप्या रेणू सोडतात आणि तृप्ती वाटते. ओलान्झापिन हा रिसेप्टरही अडवतं. जन्मतः तो नसलेले उंदीर जास्त खातात आणि लठ्ठ होतात. म्हणजे शिल्लक संपल्याचा खोटा निरोप पोचतो आणि पोट भरल्याचा खरा निरोप वाटेत अडतो. अशा माणसाला ‘जरा ताबा ठेव’ म्हणणं हे दिवसभराच्या उपाशी माणसापुढे ताट ठेवून तेच सांगण्यासारखं आहे.

तरीही गोळी परस्पर बंद करायची नाही, आजार उलटतो. क्लोझापिन तर इतर औषधं हरल्यावर कामी येतं. पण वाढणारं वजन किरकोळही मानू नये. या रुग्णांचं आयुर्मान इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षांनी कमी असतं आणि हृदयविकार हे त्याचं एक मोठं कारण आहे. पहिल्या आठवड्यापासून वजन आणि कंबरेचा घेर मोजावा, रक्तातली साखर तपासत राहावी आणि भूक वाढल्याचं डॉक्टरांना लगेच सांगावं. औषध बदलता येतं, जोडीला मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध देता येतं. ओलान्झापिनला सॅमिडॉर्फन या दुसऱ्या औषधाची जोड दिलेल्या गोळीला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तिने वजन वाढतं, पण कमी. अमुक आहाराने स्किझोफ्रेनिया बरा होतो, गोळ्या सोडा, असं सांगणारे व्हिडिओ मात्र जिवाशी खेळतात.

सर्वांत कमी बोललं जातं ते पाण्याबद्दल. दीर्घकाळ आजारी असलेल्या काही रुग्णांना पाणी पिण्याची अनावर इच्छा होते आणि ते दिवसभर नळाशी जातात. औषधांनी तोंड कोरडं पडतं हे खरं, पण ही ओढ तेवढ्याने समजावता येत नाही. निरोगी मूत्रपिंडं तासाला जेमतेम एक लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त पाणी सतत आत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल असायला हवं. झपाट्याने १२०च्या खाली गेलं तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. सकाळपेक्षा संध्याकाळी वजन दोन-तीन किलोंनी जास्त भरत असेल तर डॉक्टरांना कळवा. आणि उलट्या, अडखळती चाल, एकाएकी आलेली गुंगी दिसली तर ‘आजारच बळावलाय’ असं म्हणून घरी थांबू नका. रुग्णालयात नेऊन सोडियम तपासायला सांगा आणि दिवसभरात किती पाणी प्यायला तेही सांगा.