टाकून दिलेली ढाल

इसवी सनापूर्वी सातव्या शतकात आर्किलोकस नावाच्या ग्रीक कवीने चार ओळींत एक कबुली देऊन ठेवली आहे. हा स्वतः लढवय्या. एका लढाईत त्याने आपली ढाल झुडपाशेजारी टाकली आणि पळ काढला. आता शत्रूकडचा कोणी ती मिरवत असेल, तर मिरवो बापडा. जीव वाचला ना, मग ढालीचे काय, तशीच दुसरी घेता येईल, असा एकूण सूर. पश्चात्तापाचा मागमूस नाही. पळालेल्या माणसाबद्दल एरवी दुसरेच बोलतात, आणि तेही हसत. इथे तो स्वतः बोलतो. धैर्य आणि भित्रेपणा या विषयाचा साहित्यातला इतिहास मला तरी मुख्यतः याच आवाजाचा इतिहास वाटतो. शूराला बोलायला माणसे कायमच मिळत आली. भित्र्याला आपली बाजू मांडायला मात्र फार वाट पाहावी लागली.

ढालीचे एवढे काय, असे आज वाटेल. पण पुढे रूढ झालेल्या ग्रीक युद्धपद्धतीत पायदळ खांद्याला खांदा लावून लढे आणि डाव्या हातातली मोठी गोल ढाल निम्मी स्वतःला, निम्मी डावीकडच्या सोबत्याला झाकत असे. शिरस्त्राण गमावले तर डोके तुमचे. ढाल टाकली तर शेजारी उघडा पडतो. म्हणून अथेन्समध्ये ढाल टाकणाऱ्याचे नागरी हक्क जात, आणि कोणावर तसा खोटा आळ घेणे हाही गुन्हा होता. अॅरिस्टोफेनिसने आपल्या विनोदी नाटकांत क्लिओनिमस नावाच्या पुढाऱ्याची यावरून इतकी टर उडवली, की एके ठिकाणी त्याचे झाडच करून टाकले: हिवाळा आला की या झाडाच्या ढाली झडतात.

म्हणजे भित्रेपणा हा आधी स्वभावदोष नव्हताच. तो रांगेशी केलेला दगा होता. ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यात भित्र्याचे एक वर्णन आहे. दबा धरून बसायची वेळ आली की त्याचा रंग पालटतो, बूड एका जागी ठरत नाही, छाती धडधडते, दात वाजतात. सगळे बाहेरून पाहिलेले, जणू वैद्याने लिहावे तसे. पण त्याच काव्यात ट्रॉयचा सर्वांत मोठा वीर हेक्टर ग्रीकांच्या अकिलिसला समोर पाहून पळत सुटतो आणि शहराच्या तटाभोवती तीन फेऱ्या मारतो. त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही, कारण शेवटी तो थांबतो. अॅरिस्टॉटलने पुढे हेच सूत्रात बांधले. धैर्य हे भित्रेपणा आणि उतावळे धाडस यांच्या मधोमध असते, आणि ज्याला कशाचीच भीती वाटत नाही त्याला शूर म्हणण्यापेक्षा वेडा म्हणणे बरे.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली अॅरिस्टोडेमसची हकीकत मात्र कुठल्याच सूत्रात बसत नाही. इसवी सनापूर्वी 480 मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी सैन्याशी स्पार्टाचे तीनशे लढले, त्यांतला हा एक. डोळ्यांच्या विकारामुळे त्याला आणि युरिटस नावाच्या दुसऱ्याला मागे ठेवले होते. युरिटसने हात धरून आपल्याला रणात न्यायला लावले आणि तो मेला. अॅरिस्टोडेमस घरी आला. त्याच्याशी कोणी बोलेना, चूल पेटवायला विस्तव देईना. नाव पडले ‘थरथऱ्या’. पुढच्या वर्षी प्लॅटियाच्या लढाईत तो रांग सोडून एकटा शत्रूवर तुटून पडला आणि मारला गेला. हेरोडोटसच्या मते त्या दिवशी सर्वांत पराक्रमी तोच. तरीही स्पार्टाने त्याला मान दिला नाही, कारण त्याला मरायचेच होते. पुढच्या काळातल्या कितीतरी कादंबऱ्यांचे बीज हेरोडोटसच्या या हकिकतीत पडले आहे.

शब्दांकडेही जरा पाहू. इंग्रजीतला ‘कावर्ड’ हा शब्द शेपटीसाठीच्या लॅटिन शब्दावरून आला. शेपूट घालणे आपल्याला कोणी परक्याने शिकवले नव्हते, तरी दोन्हीकडे चित्र एकच. लॅटिनमध्ये पुरुषाला ‘विर्’ म्हणत, त्यावरून सद्गुणासाठी ‘विर्तुस’. आपला ‘वीर’ त्याच मूळ कुळातला. ग्रीकमध्येही धैर्याचा शब्द पुरुषवाचक शब्दावरून बनलेला. आपल्याकडे मर्दुमकी एकीकडे, आणि दुसरीकडे भागूबाई नि ‘बांगड्या भर’. शूर ठरायला आधी पुरुष असावे लागे आणि भित्र्याला बाईच्या रांगेत बसवले जाई. बाई कोणाच्या हिशेबातच नव्हती. ‘धीर’ या शब्दाने मात्र हा भेद पाळला नाही. धीर धरणारा शूरही असतो आणि वाट पाहणाराही.

महाभारतात हे सगळे एकाच माणसाभोवती फिरते. विराटपर्वात राजपुत्र उत्तर अंतःपुरात बसून वल्गना करतो, कौरवांची सेना दिसताच रथातून उडी टाकून पळतो. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन धावत जाऊन त्याला धरून आणतो, सारथी करतो आणि स्वतः लढतो. प्रसंग हसण्यासाठीच लिहिलेला आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक हसतही आले. पण दोन पर्वांनंतर हाच अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो. कृष्ण त्याला ‘क्लैब्य’, म्हणजे नामर्दपणा, असा बोचरा शब्द वापरतो; पुन्हा तोच पुरुषार्थाचा मुद्दा. मात्र तेवढ्याने काम भागत नाही, अठरा अध्याय बोलावे लागते. पळणाऱ्याला ओढून आणता येते. लढायला नकार देणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. आणि ज्याला ओढून आणले होते, तो उत्तर युद्धाच्या पहिल्याच दिवशी शल्याशी लढताना मरतो. लोकांच्या लक्षात पळणेच राहिले.

शेक्सपिअरच्या नाटकातल्या फॉल्स्टाफ या विनोदी पात्राने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रणांगणावर मेल्याचे सोंग घेतले आणि मोडलेला पाय प्रतिष्ठेने जोडता येतो का, असा प्रश्न केला. प्रेक्षक हसले, पण उत्तर कोणाकडे नव्हते. तरीही फॉल्स्टाफ विदूषकच राहिला. पळालेल्याच्या आत शिरायला कादंबरी यावी लागली.

स्टीफन क्रेनची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ 1895 मध्ये आली. अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर सहा वर्षांनी जन्मलेल्या या लेखकाने, स्वतः लढाई न पाहता, पळणाऱ्या पोराचे मन लिहिले. त्याला जखम होते ती आपल्याच बाजूच्या, पळणाऱ्या सैनिकाच्या बंदुकीच्या दस्त्याने. सोबत्यांना वाटते गोळी चाटून गेली. शौर्याची खूण ही अशी मिळालेली.

पाच वर्षांनी कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’. तिच्यामागे खरी घटना आहे. 1880 मध्ये सुमारे साडेनऊशे हज यात्रेकरूंना घेऊन निघालेले ‘जेद्दा’ हे जहाज बुडणार असे समजून कप्तान आणि काही अधिकारी होडीतून निसटले. एडनला पोचून त्यांनी जहाज बुडाल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी यात्रेकरूंसह ते जहाज एडनच्या बंदरात ओढून आणलेले! कॉनरॅडचा जिम अशाच जहाजावरून उडी मारतो आणि त्याच्या आठवणीत मधला क्षणच नाही: आधी तो डेकवर होता, नंतर होडीत. एवढ्या एका फटीवर अख्खी कादंबरी उभी आहे. मला ती आजही या विषयावरची सर्वांत निर्दय आणि सर्वांत दयाळू कादंबरी वाटते.

पहिल्या महायुद्धाने प्रश्नच बदलला. 1914 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये लष्करात न गेलेल्या तरुणांना भर रस्त्यात भित्रेपणाची खूण म्हणून पांढरे पीस द्यायची मोहीम निघाली. देणाऱ्या होत्या बायका, आणि मोहीम काढणारा एक निवृत्त अॅडमिरल. 1915 मध्ये ‘शेल शॉक’, म्हणजे युद्धाच्या भडिमाराने मनाला बसलेला धक्का, हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आला. थरथरणाऱ्याला आजारी म्हणायचे की भित्रा, हा निवाडा आता डॉक्टर आणि लष्करी न्यायालय यांच्यात अडकला. पळून जाणे, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी ज्यांना स्वतःच्याच सैन्याने गोळ्या घातल्या, त्यांपैकी 306 जणांना ब्रिटनने 2006 मध्ये माफी दिली. याच युद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीच्या कवितांनी देशासाठी मरण्यातली गोडी आधीच खोटी ठरवली होती, आणि हाशेक या चेक लेखकाच्या कादंबरीतल्या श्वेक या सैनिकाने मूर्खपणाचे सोंग घेऊन युद्धालाच वेड्यात काढले.

यानंतर भित्रेपणा रणांगणाबाहेर पडला. रशियन लेखक बुल्गाकोव्हने स्टालिनच्या काळात, छापून येण्याची आशा नसताना लिहिलेल्या ‘द मास्टर अँड मार्गारिटा’ या कादंबरीत येशूच्या खटल्यातला रोमन सुभेदार पिलात निर्दोष माणसाला मृत्युदंड देतो. पिलात शूर घोडेस्वार आहे, लढाईत कधी डगमगला नाही. घाबरतो ते त्या माणसाला सोडल्याचे वरच्याच्या, म्हणजे सम्राटाच्या, कानावर जाईल म्हणून. कादंबरी छापून आली ती लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी, तीही काटछाट होऊन.

टिम ओब्रायनने 1990 च्या ‘द थिंग्ज दे कॅरीड’मध्ये ढालच उलटी केली. व्हिएतनाम युद्धासाठी बोलावणे आलेला त्याचा निवेदक कॅनडाच्या सीमेवरच्या नदीत नावेत बसला आहे. पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर. उडी मारली की सुटका. पण गावातले, घरातले सगळे चेहरे त्याला दिसू लागतात आणि त्यांच्यासमोर लाजिरवाणे व्हायचे धाडस त्याला होत नाही. तो रडतो, परत फिरतो आणि युद्धावर जातो. स्वतःला भित्रा म्हणतो तो याच कारणासाठी.