फुगणारं ग्राफाइट आग अडवतं, पण पोत्यात असल्यापासूनच त्याला जपावं लागतं

पेन्सिलीत असतं तेच ग्राफाइट, म्हणजे नुसता कार्बन, मग त्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं एक्सपांडेबल, म्हणजे उष्णतेनं फुगणाऱ्या, ग्राफाइटचं पोतं पहिल्यांदा उघडणाऱ्याला हमखास वाटतं. दिसायलाही ते तसंच असतं, करडे-काळे चमकदार पापुद्रे, हाताला गुळगुळीत आणि वासही जवळपास नाही. पण याच्या पोटात अॅसिड कोंडलेलं असतं आणि ते मुद्दाम कोंडलेलं असतं, त्याच्याशिवाय हा माल आगीत काही कामाचाच नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली ना, की काळजी कुठे आणि का घ्यायची ते बरंचसं आपोआप कळतं.

ग्राफाइटची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी असते, कार्बनचे पातळ थर एकावर एक, आणि दोन थरांत अंतर ०.३३५ नॅनोमीटर. थराच्या आतले बंध भयंकर मजबूत पण थराथरांमधली पकड एकदम ढिली, त्यामुळे मध्ये दुसरे रेणू घुसवता येतात, याला इंटरकॅलेशन म्हणतात. नैसर्गिक फ्लेक (पापुद्र्यांचं) ग्राफाइट सल्फ्युरिक अॅसिडमध्ये टाकून सोबत नायट्रिक अॅसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पोटॅशियम परमँगनेटसारखा ऑक्सिडायझर (ऑक्सिडेशन घडवणारं रसायन) दिला की अॅसिड थरांमध्ये शिरतं, आणि जिथे ते पूर्ण भरतं तिथे अंतर जवळजवळ ०.८ नॅनोमीटर होतं. मग माल धुवायचा, वाळवायचा आणि पोत्यात भरायचा. हे काही नवीन नाही बरं का, सल्फ्युरिक अॅसिडमध्ये ग्राफाइट फुगतं हे जर्मनीच्या कार्ल शाफहॉयट्ल यांनी १८४० च्या सुमारासच नोंदवून ठेवलंय.

आता याला उष्णता लागली की काय होतं ते बघा. ग्रेडप्रमाणे साधारण १६० ते २२० अंश सेल्सिअसच्या आसपास आतलं अॅसिड कार्बनशी रिअॅक्शन करायला लागतं, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, आणि या वायूंना बाहेर पडायला वाटच नसल्यामुळे ते थर एकमेकांपासून जोरात फाकवतात. लॅबमध्ये याची टेस्ट करतात तेव्हा क्रुसिबलमध्ये (उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात) ग्रॅमभर किंवा त्याहून कमी माल घेऊन तो ९०० ते १००० अंशाच्या भट्टीत सरकवतात, काही सेकंदांत तळाशी पडलेले चिमूटभर पापुद्रे वळवळत लांब होतात आणि भांडं काळ्या, हलक्या, अळीसारख्या तुकड्यांनी भरून वाहायला लागतं. वर्म असाच शब्द या धंद्यात वापरतात. चांगल्या ग्रेडचा एक ग्रॅम माल २०० ते ३०० मिलिलिटर जागा घेतो. सोफ्याच्या फोममध्ये, विमानाच्या सीटमध्ये, दाराच्या कडेच्या पट्टीत किंवा भिंतीतून जाणाऱ्या प्लॅस्टिक पाइपभोवतीच्या कॉलरमध्ये हेच घडतं, फुगलेल्या कार्बनचा जाड थर मागच्या मालाला उष्णता आणि ऑक्सिजन मिळू देत नाही, आणि पाइप वितळला तर ते भोक दाबून बंद करतो. ब्रोमीनवाल्या काही जुन्या फ्लेम रिटार्डंटवर (आग रोखणाऱ्या रसायनांवर) स्टॉकहोम या घातक प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात २००९ आणि २०१७ मध्ये बंधनं आली, त्यानंतर हॅलोजन (ब्रोमीन, क्लोरीनसारखी मूलद्रव्यं) नसलेल्या पर्यायांकडे लोक जास्त वळले आणि त्यात हे ग्राफाइट मला खरंच फार चांगलं मटेरिअल वाटतं. पण हॅलोजन नाही म्हणजे धोकाच नाही असं समजून लोक ते उघड्या हातानं, मास्क न लावता ओततात ते बघून जीव वर-खाली होतो.

सगळ्यात आधी धूळ. चांगल्या ग्रेडमधला बराचसा माल ५० मेशच्या वरचा, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटरहून मोठा असतो, एवढे मोठे कण फुफ्फुसात खोल जात नाहीत. पण पोती वाहतूक करताना घासतात, पापुद्रे तुटतात, तळाशी बारीक भुकटी जमते आणि हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यासारख्या टाकीत) पोतं उलटं केलं की नेमकी तीच हवेत उठते. प्रकाशाच्या झोतात बघितलं तर मोठे फ्लेक लगेच खाली बसतात आणि मागे एक करडा ढग रेंगाळत राहतो, श्वासाला वाईट आहे तो हा रेंगाळणारा ढग. नैसर्गिक ग्राफाइटची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर न्यूमोकोनिओसिस हा धुळीमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार होतो, शिवाय खाणीतून आलेल्या मालात थोडं क्वार्ट्झ राहू शकतं आणि स्फटिकी सिलिकाची धूळ तर कॅन्सरकारक म्हणून सिद्ध झालेली आहे. फुफ्फुसात खोल जाऊ शकणाऱ्या ग्राफाइट धुळीसाठी अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेची शिफारस दर घनमीटर हवेत २.५ मिलिग्रॅम इतकी आहे, तिथल्याच एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेची २ मिलिग्रॅम. म्हणून ओतायच्या जागेवरच धूळ ओढून घेणारा एक्झॉस्ट पाहिजे, पोतं उंचावरून न ओतता तोंड हॉपरच्या आत नेऊन हळू रिकामं करायचं, आणि एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क चेहऱ्याला नीट बसवून घालायचा. तोंडावर बांधलेल्या फडक्याचा इथे उपयोग होत नाही.

धुतल्यावरही मालात थोडं अॅसिड राहतं, म्हणून ग्रेडनुसार पीएच बघून घ्यावा, काही न्यूट्रल असतात तर काही चांगलेच आम्लधर्मी. घामानं ओल्या मनगटावर किंवा मानेवर असली धूळ बसली की चुरचुरते आणि डोळ्यात गेली तर जास्तच. त्यामुळे हातमोजे आणि बाजूनं बंद असलेला गॉगल लागतोच. डोळ्यात गेलंच तर चोळायचं नाही, कॉन्टॅक्ट लेन्स काढायची आणि निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवत राहायचं. ओलाव्यात हेच अॅसिड लोखंडी रॅक आणि मशीनचे पार्ट गंजवतं, म्हणून पोती कोरड्या जागेत, तोंड बंद करून ठेवायची.

लोकांच्या लक्षातच येत नाही असा धोका म्हणजे ही धूळ वीज वाहून नेते. इतर बऱ्याच पावडरी पॅनलमध्ये गेल्या तर फक्त घाण होते, ग्राफाइट गेलं तर दोन टर्मिनलच्या मध्ये रस्ता तयार होतो आणि शॉर्टसर्किट. त्यात फुगलेले वर्म इतके हलके असतात की साध्या पंख्याच्या वाऱ्यावर उडून कंट्रोल पॅनलच्या जाळीतून आत जातात. म्हणून मिक्सिंगच्या खोलीत पॅनल धूळबंद हवेत, आणि सांडलेला माल घरगुती व्हॅक्यूम क्लीनरनं अजिबात ओढू नये कारण बारीक भुकटी फिल्टरमधून निसटून मोटरपर्यंत जाते. वाहक धुळीसाठी बनवलेला, हेपा (अतिबारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरवाला इंडस्ट्रियल व्हॅक्यूम वापरा. कॉम्प्रेस्ड एअरनं फुंकर मारणं तर सगळ्यात वाईट, सगळी धूळ परत हवेत. अगदी बारीक ग्राफाइटचा दाट ढग आणि जोरदार ठिणगी एकत्र आली तर धुळीचा स्फोटही होऊ शकतो, पेट घ्यायला कठीण असलं तरी अशक्य नाही. आणि फरशीवर पडलेलं ग्राफाइट म्हणजे चक्क वंगण, पाय सटकतो, त्यामुळे सांडलं की लगेच उचला.

उष्णतेचं सांगायचं तर गणित सोपं आहे पण चुकतं तिथेच. ज्या प्लॅस्टिकचं प्रोसेसिंग टेम्परेचर ग्राफाइट फुगायच्या टेम्परेचरच्या वर जातं त्यात तो ग्रेड चालत नाही, कारण मग माल आगीत फुगायच्या ऐवजी एक्सट्रूडरच्या (प्लॅस्टिक वितळवून दाबानं बाहेर काढणाऱ्या मशीनच्या) बॅरलमध्येच फुगतो, प्रेशर चढतं, डाय म्हणजे बाहेर पडायचं साच्याचं तोंड चोंदतं आणि वर सल्फर डायऑक्साइड बाहेर येतो. नुसता मीटरवरचा आकडा बघून चालत नाही, स्क्रूच्या घर्षणानं आतलं टेम्परेचर त्याहून वर गेलेलं असू शकतं. म्हणून ग्रेड निवडताना मध्ये भरपूर फरक ठेवायचा. घट्ट बंद ड्रम हीटरजवळ किंवा वेल्डिंग चालू असलेल्या जागी ठेवायचा नाही, आत फुगायला लागलं तर झाकण उडू शकतं. पोटॅशियम क्लोरेट किंवा पेरॉक्साइडसारखे जोरकस ऑक्सिडायझरही लांब.

सल्फर डायऑक्साइडला हलक्यात घेऊ नका. जळत्या काडीसारखा उग्र वास, घशात खवखव, डोळ्यातून पाणी, आणि दमा असलेल्यांना फार कमी प्रमाणातसुद्धा छाती आवळून येते. नायॉशची दिवसभराच्या कामासाठीची मर्यादा हवेत २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) आहे आणि १०० पीपीएमला थेट जिवाला धोका मानतात. साधा धुळीचा मास्क गॅस अडवत नाही. मशीनमधून असा वास आला तर हीटिंग बंद करून आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, आणि ज्याच्या छातीत जास्त गेलाय त्याला बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवायचं, कारण फुफ्फुसात पाणी भरायला काही तास लागू शकतात.

हा माल घातलेला फोम किंवा बोर्ड कापतानाही हेच लागू आहे. हॉट वायर वापरू नका, तार फुगायच्या टेम्परेचरच्या वर असते, त्यामुळे कापलेल्या कडेचं ग्राफाइट तिथेच फुगून वाया जातं आणि गॅसही निघतो. धारदार ब्लेडनं कापा, करवत लावली तर धूळ ओढायची सोय ठेवा. उरलेले तुकडे आणि गोळा केलेली भुकटी उघड्यावर जाळायची नाही, ड्रेनमध्येही टाकायची नाही, बंद पिशवीत भरून वर नाव लिहायचं आणि औद्योगिक कचरा उचलणाऱ्यांना देताना सोबत सेफ्टी डेटा शीट (मालाचे धोके आणि काळजी सांगणारं माहितीपत्रक) द्यायची, त्यातला १३ वा भाग विल्हेवाटीचाच असतो.