मागची फट : टोपीच्या बंदुका मागून भरू लागल्या तेव्हा

बंदूक नळीच्या तोंडातून न भरता मागून भरावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली नव्हे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीकडेही मागून भरायच्या बंदुका होत्या. अडत होतं ते मागच्या सांध्यावर. दारू पेटल्यावर होणारा वायू गोळीला पुढे रेटतो, तसाच मागे जिथे फट सापडेल तिथूनही निसटतो. मग गोळीचा जोर कमी होतो आणि ज्वाळ नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येते. ठासणीच्या बंदुकीला मागे फटच नसते. उभं राहून, गजाने ठासठासून भरायची कटकट सोसूनही ती शतकानुशतकं टिकली, यामागचं मोठं कारण हेच.

१८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने ठोका बसताच भडकणाऱ्या रसायनाने बंदूक पेटवण्याचं पेटंट घेतलं. त्याला शिकारीचा नाद होता. चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीवर चालणाऱ्या बंदुकीत आधी बाहेर रंजक (पेटवणीची चिमूटभर दारू) भडकते, मग आतला बार उडतो. तेवढ्या क्षणात पाखरू सावध होतं, ही त्याची तक्रार. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत या रसायनाची तांब्याची टोपी झाली. नळीच्या मागच्या बोंडीवर, म्हणजे आत ठिणगी नेणाऱ्या पोकळ टोकावर ती बसवायची आणि वरून घोडा (चाप ओढताच पडणारी हातोडी) आपटायचा. पावसातही बार उडू लागला. पण टोपीने सोडवला तो पेटवण्याचा प्रश्न. फट होती तिथेच होती.

अमेरिकेत जॉन हॉलने मागून भरायच्या रायफलीचं पेटंट १८११ सालीच घेतलं होतं, तेही चकमकीच्या काळात. नळीच्या मागे एक ठोकळा. त्याचं पुढचं टोक वर उचलायचं, दारू-गोळी घालायची आणि ठोकळा खाली दाबायचा. १८१९ मध्ये सैन्याने हार्पर्स फेरीच्या कारखान्यात ती बनवायला घेतली. सुटे भाग एकमेकांच्या बंदुकीत बसावेत असा हॉलचा हट्ट होता आणि कारखान्यांच्या इतिहासात त्याचं नाव राहिलं ते त्यासाठीच. त्याच धर्तीची टोपीवर चालणारी कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, १८३३ मध्ये घोडदळाला मिळाली. दौडत्या घोड्यावर गज चालवणं म्हणजे कसरतच, त्यामुळे मागून भरायच्या बंदुकीची खरी निकड घोडेस्वारांना होती. सांध्यातून वायू मात्र निसटतच राहिला.

युरोपात धागा पॅरिसपासून सुरू होतो. तिथे सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराने १८१२ मध्ये गोळी, दारू आणि पेटवणारा मसाला एकाच काडतुसात घातला. काळाच्या फार पुढचं काम, म्हणून लष्कराने घेतलं नाही. त्याच्या हाताखाली काम केलेला योहान ड्रायझं जर्मनीत परतला आणि १८३६ पर्यंत त्याने मागून भरायची ‘सुई-बंदूक’ तयार केली. दाराच्या कडीसारखा मागेपुढे सरकणारा बोल्ट, कागदी काडतूस, आणि मसाला चक्क गोळीच्या बुडाशी. चाप ओढला की लांब सुई सगळी दारू भेदून मसाल्यापर्यंत पोहोचायची. सुई दरवेळी जाळात सापडे आणि मोडे, म्हणून सैनिक जवळ जास्तीच्या सुया बाळगत. प्रशिया या जर्मन राज्याने ती स्वीकारली तेव्हा नाव दिलं ‘हलकी टोपीची बंदूक, १८४१’. गुपित फुटू नये म्हणून! वायू हिच्यातूनही निसटायचा, इतका की बरेच शिपाई गालाला न लावता कमरेवरूनच बार काढत. तरी ३ जुलै १८६६ रोजी कोनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या ठासणीच्या रायफलींपुढे ती भारी पडली. प्रशियन शिपाई जमिनीवर पडल्यापडल्या बंदूक भरू शकत होता, ऑस्ट्रियनाला उभं राहावं लागत होतं. फ्रेंचांनी त्याच वर्षी आपल्या शास्पो रायफलीच्या बोल्टला रबराची कडी बसवून फट बुजवली. रबर झिजायचं, बदलावं लागायचं, पण काम झालं.

या मधल्या वर्षांत एक अर्धवट पिढी होऊन गेली, आणि मला तीच सर्वांत मजेदार वाटते. काडतूस मागून घालायचं, पण टोपी वेगळी, बाहेर बोंडीवर. हॉलच्याच कारखान्यात काम केलेल्या ख्रिश्चन शार्प्सने १८४८ मध्ये वर-खाली सरकणाऱ्या ठोकळ्याचं पेटंट घेतलं. ठोकळा वर येताना त्याची धार काडतुसाचं शेपूट कापायची आणि दारू उघडी पडायची. फट बुजवायला नंतर ठोकळ्यात सरकती कडी बसवावी लागली. ॲम्ब्रोज बर्नसाइडने काडतूसच पितळेचं केलं आणि बुडाशी ठिणगीपुरतं भोक ठेवलं. दारू पेटली की पितळ फुगून सांध्याला घट्ट चिकटे. सेनापती म्हणून हा गृहस्थ फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत सपाटून हरला, पण त्याच्या पन्नास हजारांहून अधिक कार्बाइन अमेरिकन यादवी युद्धात लढल्या. बर्मिंगहॅमच्या वेस्ली रिचर्ड्सने १८५८ मध्ये कागदी काडतुसाच्या बुडाशी नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती लावली. बार उडाल्यावर ती नळीत मागे राहायची आणि पुढचं काडतूस तिला पुढे ढकलायचं.

बर्नसाइड आणि रिचर्ड्स या दोघांनी फट बुजवण्याचं काम बंदुकीकडून काढून काडतुसावर टाकलं होतं. ही दिशा बरोबर ठरली. पितळेच्या काडतुसाच्या बुडातच टोपी बसवली की भोकही नको आणि बाहेरची बोंडीही नको.

१८५७ ची चरबीची काडतुसं अजून ठासणीच्याच एनफील्ड रायफलीची होती. दाताने कागद फाडून दारू नळीच्या तोंडातून ओतायची. उठावानंतर हिंदी पलटणींच्या हाती मुद्दाम गुळगुळीत नळीच्या, कमी पल्ल्याच्या बंदुका दिल्या गेल्या. इकडे १८६६ पासून जेकब स्नायडरच्या युक्तीने ब्रिटिशांनी जुन्या एनफील्डची नळी मागून कापून तिथे बाजूला उघडणारी झडप बसवली. स्नायडर त्याच वर्षी कर्जबाजारी अवस्थेत वारला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे याच संक्रमणातला. हिंदी शिपायांना स्नायडर मिळाली ती १८७० च्या दशकात, गोऱ्या पलटणी मार्टिनी-हेन्री या नव्या रायफलीकडे वळल्यावर. स्नायडरवर जुना घोडा तसाच ठेवला होता. तो आता टोपीऐवजी आतल्या खिळ्यावर आपटायचा. मार्टिनी-हेन्रीत तो बाहेरचा घोडाही गेला.