सोडा बुडबुडा जन्माला घालत नाही

श्रावण लागला की बिनअंड्याच्या केकची विचारपूस सुरू होते आणि तिच्यासोबत एक ठरलेला सल्लाही फिरू लागतो: "अंडं नाही ना घालायचं? मग सोडा जरा सढळ हाताने घाल, मस्त फुगेल." हा सल्ला ऐकून ज्यांनी केक केला त्यांना पुढचं माहीत आहे. ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं केक टम्म दिसतो, मग मधोमध बसतो. कापल्यावर वर मोठाली भोकं, तळाशी चिकट थर आणि जिभेवर साबणाची चव.

सोड्याबद्दलचा हा गैरसमज मला फार आवडतो, कारण तो सोडवताना थेट बुडबुड्याच्या भौतिकशास्त्रात शिरावं लागतं.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आम्लाशी गाठ पडली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे शाळेत झालेलं आहे. अर्धा चमचा, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम सोड्यातून पाऊण लिटरच्या आसपास वायू निघतो. घरच्या केकला तो पुरून उरतो, तेव्हा वायूचा तुटवडा कधीच नसतो. प्रश्न असा की तो राहणार कुठे?

इथे गंमत आहे. सुटलेला वायू आधी मिश्रणातल्या पाण्यात विरघळतो. त्याला बाहेर पडून स्वतःचा नवा बुडबुडा करायचा झाला तर सुरुवात अगदी सूक्ष्म बुडबुड्यापासून करावी लागेल, आणि सूक्ष्म बुडबुडा ही निसर्गातली महाग वस्तू आहे. बुडबुड्याच्या आतला जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची (द्रवाचा पृष्ठभाग आवळून धरणाऱ्या ओढीची) दुप्पट भागिले त्रिज्या. त्रिज्या छेदात असल्याने बुडबुडा जितका लहान तितका दाब प्रचंड. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्रिज्येच्या बुडबुड्यात हा जादा दाब साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाइतका, भरतो. त्रिज्या त्याच्या दहाव्या हिश्शावर आणली की दहा वातावरणं. शून्यापासून सुरुवात करायची तर काय होईल ते सांगायला नको. एवढा दाब आणायचा कुठून? म्हणून विरघळलेला वायू ती वाटच धरत नाही. तो आयता बुडबुडा शोधतो आणि त्यात शिरतो. सोडावॉटरच्या ग्लासात बुडबुड्यांची माळ नेहमी त्याच एका जागेवरून वर येते ना? तिथे काचेच्या चरीत किंवा धुळीच्या कणावर हवेचा ठिपका आधीपासून अडकलेला असतो.

म्हणजे केकमधले बुडबुडे सोडा तयार करत नाही. ते आपण फेटताना तयार करतो, साध्या हवेचे. सोडा फक्त ते फुगवतो. फेटताना हजारो बारीक बुडबुडे अडकले असतील तर वायू हजार ठिकाणी वाटला जाईल आणि केक जाळीदार होईल. मोजकेच असतील तर त्याच मोजक्यांत सगळा वायू कोंबला जाईल. सोडा वाढवून बुडबुड्यांची संख्या वाढत नाही, आकार वाढतो. आणि मोठे बुडबुडे वर सरकतात, एकमेकांत मिसळतात, फुटतात.

त्याच सूत्राचा आणखी एक फटका आहे. लहान बुडबुड्यात दाब जास्त, मोठ्यात कमी. त्यामुळे लहानातला वायू पाण्यात विरघळून हळूहळू मोठ्याकडे जातो. मोठा आणखी मोठा होतो, लहान नाहीसा होतो. भिजवलेलं मिश्रण ओट्यावर नुसतं ठेवलं तरी हे चालूच असतं.

आता अंड्याची नोकरी कळते. अंड्यात पाऊण भाग पाणी आणि सुमारे साडेबारा टक्के प्रथिनं. ही प्रथिनं बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात आणि तो फुटू देत नाहीत. पुढे ६० अंशांच्या वर ती गोठायला लागतात आणि ८०-८५ पर्यंत पक्की होतात, म्हणजे फुगलेला डोलारा जागच्या जागी थिजतो. अंडं काढलं की ह्या दोन्ही जागा रिकाम्या होतात. पापुद्र्याचं काम दूध, दही, दूधपावडर ह्यांतल्या प्रथिनांवर येतं आणि फेसलेल्या बटर-तुपातल्या स्निग्धाच्या बारीक स्फटिकांवर. थिजण्याचं काम मैद्यातल्या पिष्टाला (स्टार्चला) करावं लागतं. पिष्ट नुसत्या पाण्यात ६० अंशांच्या आसपास फुलायला लागतं, पण साखर ह्या कामाला उशीर करते. केकमधल्या साखरेत हा आकडा ८०-९० पर्यंत चढतो. तोवर बुडबुड्यांना तग धरायचा असतो. जादा सोड्याचा केक नेमका ह्याच वेळेत बसतो.

नानखटाई करणाऱ्या बायका परातीत थिजलेलं तूप तळहाताने फेसतात, ते पिवळसर तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत. तो पांढरा रंग हवेचा आहे. बारीक बुडबुड्यांवरून प्रकाश विखुरतो म्हणून तूप पांढरं दिसतं. बिनअंड्याच्या केकची खरी मेहनत इथे करायची, चमच्यातल्या सोड्यावर नाही. (एकाच दिशेने फेटायचं, उलटं फिरवलं की केक बिघडतो, ही निव्वळ समजूत. बुडबुड्याला डावं-उजवं कळत नाही. मैदा पडल्यावर मात्र कोणत्याही दिशेने जास्त ढवळू नये, चिवटपणा येतो.)

सोडा किती, ह्याचा हिशेब दह्यावरून निघतो. दह्यात साधारण एक टक्का लॅक्टिक आम्ल धरलं, तर एक कप दह्यातलं आम्ल दोन-सव्वादोन ग्रॅम सोडा शमवतं. म्हणजे अर्धा चमचा, तोही सपाट. त्यावरचा सोडा उष्णतेने फुटून सोडियम कार्बोनेट होतो, म्हणजे धुण्याचा सोडा. साबणाची चव तिथूनच येते. पिवळा रंग यावा म्हणून केकमध्ये चिमूटभर हळद घालत असाल तर जादा सोड्याची चाचणीही फुकटात होते: न विरघळलेल्या कणाभोवती तांबडा ठिपका उठतो. ढोकळ्यात तो अनेकांनी पाहिला असेल. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ते ह्याच कारणाने.

लिंबू आणि सोडा एकत्र पिऊन कर्करोग बरा होतो, असा एक निरोप मोबाइलवर अधूनमधून येत असतो. ग्लासात दोन्ही भेटले की वायू तिथेच उडून जातो, उरतं सोडियम सायट्रेटचं खारट पाणी; त्याने कर्करोग बरा होत नाही. ढोकळ्याचं पीठ फ्रूट सॉल्ट घातल्याबरोबर वाफेवर ठेवावं लागतं तेही ह्याचसाठी. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल एकत्र असतं आणि ते बहुधा दोन हप्त्यांत काम करतं: थोडा वायू ओलं होताच, बाकीचा तापल्यावर. ही पावडर १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड ह्या औषधविक्रेत्याने केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. तिला अंडंही चालत नसे, म्हणून त्याआधी १८३७ मध्ये त्याने कॉर्नफ्लोअरची कस्टर्ड पावडर केली होती. आपल्याकडे फ्रूट कस्टर्डला वापरतात ती हीच जात.

कोकणातलं धोंडस ह्या सगळ्या भानगडीत पडतच नाही. तवसं (मोठी काकडी) किसायचं, त्याच्याच पाण्यात भाजलेला रवा आणि गूळ शिजवायचा, मग भांड्याच्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे. त्याला हलकं व्हायचंच नसतं, त्यामुळे बुडबुडे सांभाळायची गरज नाही.

राहिला सुवास. वेलचीतली सुगंधी द्रव्यं स्निग्धात विरघळतात, तेव्हा पूड तूप फेसतानाच घालावी. केशराचा रंग पाण्यात उतरतो, म्हणून ते कोमट दुधात भिजवून घालायचं. केशर थेट तुपात टाकलं तर काड्या तशाच राहतात आणि पैसे वाया जातात.